कारखाना कशासाठी चालवायचा, हे शोधायचं कुठे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: आजोबांनी सोलापूरच्या पूर्व भागात हातमागावर सुरू केलेलं काम वडिलांनी यंत्रमागावर नेलं, अक्कलकोट रोड एमआयडीसीत शेड बांधली, आणि आता टॉवेल-नॅपकिनचा तो कारखाना तुमच्या हाती आलाय. तुम्ही पुण्यात एमबीए केलंत, थोडी नोकरी केलीत आणि वडिलांची तब्येत बिघडली म्हणून परत आलात. धंदा तोट्यात नाही. पण सकाळी शेडमध्ये पाऊल टाकताना हुरूप वाटत नाही, आणि नवी पोरं कामावर टिकत नाहीत. सल्लागाराकडून व्हिजन-मिशन लिहून घेतलंत, ऑफिसबाहेर मोठा फलक लावलात, तरी काही हललं नाही. म्हणून विचारताय की स्वतःसाठी आणि कंपनीसाठी हेतू कसा शोधायचा, दोन्ही हेतू एकच असावे लागतात का, आणि त्या फलकाचं काय करायचं.

मी सोलापूर आणि आसपासचे छोटे-मध्यम कारखाने, पतसंस्था, रुग्णालयं यांच्याबरोबर संस्था-बांधणीचं काम करतो. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन येणाऱ्यांत दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे मालक बरेच असतात, आणि ते साहजिक आहे. पहिल्या पिढीला 'कशासाठी' हे कुणी विचारावं लागलं नाही. घर चालवायचं होतं, माग स्वतःचा करायचा होता, पोरांना शिकवायचं होतं. ते सगळं साध्य झालं आणि कारखाना तुमच्याकडे आला. ज्या कारणासाठी तो उभा राहिला ते कारण पुरं झालंय, आणि नवं कारण कुणी मांडलेलं नाही. तुमच्यात काही कमी आहे म्हणून हुरूप नाही, असं मी मानत नाही. हा प्रश्न तुमच्या पिढीसाठीच शिल्लक राहिला होता.

उत्तराआधी एक अट सांगतो. तुमच्याकडे हप्त्याचा पगार वेळेवर होतो का, हे मला माहीत नाही. वीस किंवा त्याहून जास्त कामगार असतील तर भविष्य निर्वाह निधी कायद्याने लागू होतो. तो भरला जातो का, हेही माहीत नाही. शिलाई-पॅकिंगच्या बायकांना धड स्वच्छतागृह आहे का? एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा बेचाळीसच्या वर जातो तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये हवा खेळती राहते का? यातलं काही अडलं असेल तर हेतूचा विषय आज बाजूला ठेवा. पगार चार दिवस उशिरा देणाऱ्या मालकाने संस्थेच्या ध्येयावर भाषण केलं की कामगार मान डोलावतात आणि बाहेर चहाच्या टपरीवर काय बोलतात, ते मी ऐकलेलं आहे. नवी पोरं टिकत नाहीत यामागेही आधी मजुरी, आवाज, उकाडा आणि पुण्याची ओढ असते. हेतूने ती सगळी थांबतील अशी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही. ज्यांना राहावंसं वाटतं पण राहायला पुरेसं कारण सापडत नाही, अशांना मात्र तो धरून ठेवतो.

हे ठीक आहे असं धरून पुढे जातो.

फलक का चालला नाही, याचं माझं उत्तर असं: तुम्ही भविष्यापासून सुरुवात केलीत. बंद खोलीत बसून 'आपल्याला काय व्हायचंय' असं विचारलं की सगळ्यांची उत्तरं सारखीच येतात. दर्जा, विश्वास, ग्राहकाचं समाधान, जागतिक बाजारपेठ. ही वाक्यं तुमच्या शेजारच्या शेडवर लावली तरी चालतील, म्हणून ती तुमची नाहीत. मी उलट बाजूने सुरुवात करतो. या कारखान्याने आजवर पैसे सोडून काय राखलं, ते शोधतो. कुठली ऑर्डर नाकारली? कुठलं काम तोटा सोसून पुरं केलं? पैसे मिळत असतानाही काय कधीच केलं नाही? संस्थेचा हेतू तिने सोसलेल्या नुकसानात दिसतो, कारण तिथे बोलायला सोपं काहीच नसतं. आणि हे प्रश्न एकट्या मालकाला विचारून भागत नाही. जुना जॉबर म्हणजे मागांवरचा मुकादम, रंगकाम पाहणारे डाईंग मास्तर, हिशेब ठेवणारे दिवाणजी आणि शक्य असेल तर वडील, अशा सगळ्यांना वेगवेगळं बसवून विचारावं लागतं.

एका टॉवेल कारखान्यात मी हेच केलं. मुलगा तुमच्याच वयाचा. त्याला वाटत होतं, आपल्याकडे असं सांगण्यासारखं काहीच नाही, आपण साधे टॉवेल विणतो. डाईंग मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, "मोठे मालक धुतल्याशिवाय माल सोडत नाहीत." मुलाला ही वडिलांची जुनी सवय म्हणून माहीत होती, तिच्याकडे त्याने कधी नीट पाहिलं नव्हतं. प्रत्येक नव्या लॉटमधला एक टॉवेल वडील घरी न्यायचे, तीन-चार वेळा धुवायला लावायचे आणि मग घडी करून बादलीतल्या पाण्यावर अलगद ठेवायचे. टॉवेल पाणी पिऊन लगेच खाली गेला तर लॉट पास. बराच वेळ तरंगत राहिला तर पुन्हा मास्तरांना बोलावणं.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. फिनिशिंगला सिलिकॉनचं सॉफ्टनर भरपूर मारलं की टॉवेल दुकानात हाताला लोण्यासारखा मऊ लागतो आणि पटकन विकला जातो. पण त्याच थरामुळे तो पाणी नीट टिपत नाही. घरी अंग पुसायला घेतला की पाणी नुसतं इकडून तिकडे सरकतं. बाजार मऊपणा मागतो, अंग कोरडेपणा मागतं. त्या कारखान्याने बाहेरगावच्या एका मोठ्या व्यापाऱ्याची जादा सॉफ्टनरची मागणी पूर्वी नाकारली होती आणि ती ऑर्डर कायमची गेली होती. दिवाणजींना ते वर्ष आठवत होतं, कारण त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर उधारी काढावी लागली होती.

त्या मुलाला मी म्हटलं, तुमचा हेतू इथे आहे. 'आमच्या टॉवेलने माणूस कोरडा झाला पाहिजे.' वाक्य छोटं आहे, कुणाला दिपवून टाकणारं नाही. पण त्यासाठी या घराने किंमत मोजलेली आहे, आणि कारखान्यातल्या प्रत्येकाला ते घरी जाऊन सांगता येतं.

वाक्य सापडलं की खरं काम सुरू होतं, कारण ते वाक्य लगेच कारखान्यातल्या दुसऱ्या गोष्टींशी भांडायला लागतं. तिथे पहिलं भांडण मजुरीशी झालं. आपल्याकडे विणकराला बहुतेक ठिकाणी नगावर मजुरी मिळते. ताण्याचा, म्हणजे उभा धागा तुटला तर माग थांबवून तो जोडायला वेळ जातो, आणि त्या वेळाचे पैसे त्याला मिळत नाहीत. मग तो माग चालू ठेवतो आणि टॉवेलमध्ये रेघ पडते. मालक तोंडाने दर्जा म्हणतो, मजुरीचं पत्रक नग म्हणतं, आणि माणूस शहाणा असेल तर पत्रकाचंच ऐकतो. तिथे आम्ही नगाचा दर तसाच ठेवला आणि सेकंडचा, म्हणजे दोष राहिलेला माल ठरावीक प्रमाणाखाली राहिला तर वेगळी रक्कम द्यायला सुरुवात केली. पहिल्या दोन-तीन महिन्यांत उत्पादन घटलं. मालकाच्या पोटात गोळा आला. ते सोसायची तयारी होती म्हणून कामगारांना पटलं की या वेळी बोलणं खरं आहे. तुमच्या बाबतीत ही रक्कम किती असावी, ते तुमच्या मालावर, ग्राहकावर आणि हातातल्या रोख पैशावर ठरेल. इथे बसून मी आकडा सांगणं बरोबर होणार नाही.

मोठ्या संस्थांतही हेच दिसतं. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय डॉ. जी. व्यंकटस्वामींनी 1976 मध्ये 11 खाटांवर सुरू केलं, तेही सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर. टाळता येण्यासारखं अंधत्व कुणाच्या वाट्याला येऊ नये, हा हेतू. पैसे देऊ शकणाऱ्या रुग्णांच्या उत्पन्नातून न देऊ शकणाऱ्यांवर उपचार व्हायचे. पण मोतीबिंदूनंतर बसवायची लेन्स परदेशातून यायची आणि ती गरिबाला परवडत नव्हती. हेतू नुसता भिंतीवर असता तर गरिबाला जाड भिंगांचा चष्मा आणि श्रीमंताला लेन्स, असं चालू राहिलं असतं. त्यांनी 1992 मध्ये ऑरोलॅब काढून लेन्स स्वतः बनवायला घेतली. रुग्णालयाने कारखाना काढणं हे वरवर पाहता धंद्याबाहेरचं काम, पण हेतूने ते करायला भाग पाडलं.

दुसरं उदाहरण आपल्या घराघरातलं. लिज्जत पापड 1959 मध्ये गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन सुरू केला. पापड लाटायचं यंत्र आणणं या संस्थेला केव्हाच परवडलं असतं. तरी पापड अजून बायकांच्या हातांनीच लाटला जातो, कारण ती संस्था पापडासाठी जेवढी आहे त्याहून जास्त त्या बायकांच्या हाताला काम मिळावं म्हणून आहे. विडी वळणाऱ्या बायका घरोघर असलेल्या आपल्या शहराला हे वेगळं समजावून सांगायला नको. यंत्र घेणं चूक आहे असं मी म्हणत नाही. तुमच्या धंद्यात नवे माग घेणं कदाचित अत्यावश्यक असेल. काय घ्यायचं आणि काय नाकारायचं, हे हेतूवरून ठरतं एवढंच दाखवायचंय.

इथे एक गोंधळ मला वारंवार भेटतो, तो मोकळा करून घेऊ. हेतूचा विषय निघाला की मालक शाळेला वह्या, गड्ड्याच्या यात्रेत पाणपोई, रक्तदान शिबिर यांची यादी सांगतात. ही कामं चांगली आहेत, जरूर करा. पण तो दानधर्म झाला. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये वा त्याहून जास्त असतो, तिला सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. तुमचा कारखाना यात बसत नसेल. मी तो कायदा आठवतो तो वेगळ्या कारणासाठी. कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेलं काम या खर्चात धरायचं नाही, असं त्याचे नियमच सांगतात. म्हणजे तो पैसा व्याख्येनेच धंद्याच्या बाहेर जातो. हेतू धंद्याच्या आत लागतो. सूत खरेदी करताना, रंग निवडताना, मजुरी ठरवताना, ऑर्डर घेताना. आत लबाडी आणि बाहेर पाणपोई असली तर कामगारांना ते सगळ्यांत आधी कळतं.

आता कामगारांविषयी, कारण फलकाकडे ते बघत नाहीत याचं तुम्हाला वाईट वाटतंय. एका पॅकिंग विभागात मी बायकांबरोबर जमिनीवर बसून होतो. त्या टॉवेलचे सुटे दोरे कापत होत्या, घडी घालत होत्या, सहा-सहाचे गठ्ठे पिशवीत सरकवत होत्या. हात इतके सराईत की बोलताना नजर घडीवर जातही नव्हती. मी विचारलं, "हे कुठं जातं?" एक म्हणाली, "गोडाऊनला." दुसरी म्हणाली, "ट्रान्सपोर्टला." त्यापुढचं कुणालाच माहीत नव्हतं. तो माल एका प्रसूतिगृहात जात होता. हे सांगितल्यावर एका बाईने हातातला टॉवेल उलटा केला, कडेची शिलाई बोटाने चाचपली आणि म्हणाली, "मग ही गाठ आतून घ्यायला पाहिजे, बाळाला टोचंल." कुठल्याही क्वालिटी मॅन्युअलमध्ये ती सूचना नव्हती.

याला संशोधनाचाही आधार आहे. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणाऱ्या लोकांवर मानसशास्त्रज्ञ अॅडम ग्रँट आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तो 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी काही जणांची थोडी मिनिटं भेट घडवली. महिन्याभराने पाहिलं तर या लोकांनी फोनवर घालवलेला वेळ आठवड्याला 142 टक्क्यांनी आणि गोळा केलेली रक्कम 171 टक्क्यांनी वाढली होती. विद्यापीठाच्या ध्येयावर कुणी भाषण दिलं नव्हतं. आपल्या कामाने ज्याचं भलं झालं तो माणूस समोर आला, एवढंच. तुमचा टॉवेल जिथे जातो त्या रुग्णालयातल्या नर्सला, लॉजच्या मॅनेजरला, दुकानदाराला एकदा कारखान्यात बोलवा. तक्रार करणारा ग्राहक असेल तर फारच उत्तम. वरच्या मजल्यावर चहा पाजून परत पाठवू नका, त्यांना मागापाशी न्या.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: आधी पगार आणि सोयी, मग सोसलेल्या नुकसानात शोध, मग मजुरी आणि खरेदीचे नियम त्याला जुळवणं, आणि वापरणारा माणूस कामगाराच्या डोळ्यांसमोर आणणं. हे कारखान्याचं झालं. तुमचं स्वतःचं अजून बाकी आहे.

तुमचा आणि कारखान्याचा हेतू एकच असावा लागतो का? माझं मत, नाही. तसा आग्रह धरल्याने बऱ्याच मुलांचा जीव गुदमरलेला मी पाहिलाय. टॉवेल हेच माझं जीवनकार्य, असं स्वतःला पटवत बसायची गरज नाही. दोन्ही हेतू कुठेतरी एकमेकांना लागले पाहिजेत, एवढं मात्र हवं. तुम्हाला माणसं घडवण्यात रस असेल तर अशिक्षित विणकराच्या मुलीला डिझाइन शिकवणारा विभाग तुमच्याच कारखान्यात उभा राहू शकतो. तुम्हाला यंत्रात रस असेल तर जुन्या मागांचं नूतनीकरण हे तुमचं क्षेत्र. तुमच्या लिहिण्यात मला एक जागा जिवंत वाटली, ती तुम्ही ओघात लिहून गेलात: परगावी विणलेल्या चादरी 'सोलापुरी' म्हणून विकल्या जाताना पाहिल्या की तुमचं डोकं फिरतं. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन, म्हणजे गावाच्या नावाला मिळणारं कायद्याचं संरक्षण, मिळालेलं आहे. त्याचा उपयोग करून घेणारे कारखानदार मात्र हवे तितके नाहीत. राग येतो तिथे माणसाला काहीतरी मोलाचं वाटत असतं. त्या रागाकडे मी दुर्लक्ष करणार नाही.

आणि तुम्ही लिहिलंय की आधी हेतू स्पष्ट होऊ दे, मग जोमाने कामाला लागतो. इथे मी तुम्हाला अडवतो. आपण सोलापूरची मुलं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव ऐकत मोठी होतो आणि समजतो की त्यांना लहानपणापासून आपला मार्ग दिसत असणार. जपानशी युद्ध चालू असलेल्या चीनला ते 1938 मध्ये गेले ते भारतातून मदतीला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातले एक म्हणून. त्याआधी पुढच्या वैद्यकीय शिक्षणाची तयारी चालली होती. पथकातले बाकीचे परतले. कोटणीस जखमींवर उपचार करत राहिले, भाषा शिकले, रुग्णालयाची जबाबदारी घेतली आणि 1942 मध्ये, वयाच्या 32 व्या वर्षी, तिथेच वारले. निघताना त्यांच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. पण परत यायची संधी असताना राहण्याचा निर्णय त्यांनी काम करता करता घेतला, हे त्यांच्या आयुष्यक्रमावरून दिसतं. तुम्हीही शेडमध्ये राहून, काम करतच शोधा. रोज सकाळचा पहिला तास ऑफिसात न जाता मागांमध्ये घालवा. कशावर तुमचं लक्ष आपोआप जातं, कशाचा त्रास होतो, कुणाशी बोलताना वेळ कळत नाही, ते पाहा. सहा महिन्यांनीही मन कशावरच बसलं नाही, तर कारखाना चांगल्या व्यवस्थापकाच्या हाती देऊन तुम्ही दुसरं काही करावं, हेही सन्मानाचं उत्तर आहे. वडिलांना ते जड जाईल. पण मन नसलेला मालक रोज समोर पाहणं कामगारांना त्याहून जड जातं.

एका गोष्टीविषयी सावध करतो. हेतू सापडला म्हणजे धंदा वाचला असं नाही. या शहराने मोठमोठ्या गिरण्या बंद पडताना पाहिल्यात, आणि तिथे जीव ओतून काम करणारी माणसं कमी नव्हती. सुताचे भाव, विजेचा दर, मागणी, बँकेचं कर्ज यांची उत्तरं वेगळी द्यावी लागतात. उलट, नुसता नफा पाहावा की त्यापलीकडे जावं, या वादात फार अडकू नका. कंपनीची जबाबदारी नफा वाढवणं हीच, असं मांडणाऱ्या अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांच्या 1970 च्या लेखापासून तो जगात चाललाय आणि 2019 मध्ये अमेरिकेतल्या 181 मोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांनी भागधारकांबरोबर कामगार, पुरवठादार आणि समाज यांचाही विचार करण्याचं निवेदन काढल्यावरही मिटलेला नाही. तुमच्या आकाराच्या कारखान्यात नफा नसेल तर हेतू राखायला पैसाच उरत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

राहिला फलक. तो तूर्त उतरवून ठेवा आणि का उतरवला हे कामगारांना सरळ सांगा: यातलं आपण अजून काही करत नाही, म्हणून. नवीन वाक्य लावायची घाई नको. निदान एक ऑर्डर किंवा एक खरेदी त्या वाक्यासाठी नाकारली गेल्यावरच ते भिंतीवर जाऊ द्या. वडिलांची तब्येत बरी असेल तर या आठवड्यातच त्यांच्याजवळ बसा आणि 'पैसे मिळत असताना तुम्ही काय केलं नाहीत?' एवढाच प्रश्न विचारा. मध्ये बोलू नका, लिहून घ्या. दिवाणजींना चालू महिन्यापासून सेकंडच्या मालाचा हिशेब मागागणिक वेगळा मांडायला सांगा. ती दोन पानं हाती आली की मला पाठवा, पुढचं त्यावरून बोलू.